फोंताइन्हासमधला पोर्तुगीजचा वर्ग : साठ आणि सत्तर वेगळे ऐकू येईपर्यंत

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये लिस्बनहून आमच्या ऑफिसात एक फोन आला. मी म्हापशाला एका वकिलांकडे कारकून आहे. जमिनीचे जुने पोर्तुगीज दस्त वाचून त्यांचा मतलब काढून देणं हे माझं निम्मं काम. फोनवरच्या बाईंचं घराणं मूळ बार्देशचं, पण त्यांचा जन्म लिस्बनचा आणि इंग्रजी जेमतेम. आजोबांच्या जागेच्या नोंदीची जुनी नक्कल त्यांच्या हातात होती. पुस्तकाचा नंबर आणि पानाचा नंबर त्या वाचून दाखवत होत्या. मी लिहून घेतलं : पान 77. दोन दिवस त्या पानामागे गेले. तिथे दुसऱ्याच कोणाचा माड-पोफळीचा तुकडा निघाला. शेवटी त्यांच्याकडून फोटो मागवला. पान 67 होतं.

त्या म्हणाल्या होत्या 'स्सेंत इ सेत्'. मला ऐकू आलं 'स्तेंत इ सेत्'. पहिलं सदुसष्ट, दुसरं सत्त्याहत्तर.

हे मला फार लागलं. अकरा वर्षं मी ही भाषा वाचते आहे. 1911 च्या लेखनसुधारणेआधीचं 'एस्क्रिप्तुरा' आणि नंतरचं 'एस्क्रितुरा', वार्झेआ म्हणजे भाताचं शेत, पाल्मार म्हणजे माडांची बाग, प्रेदिउ म्हणजे जागा, हे सगळं डोळे मिटून सांगू शकते. पण माझ्या डोक्यातलं पोर्तुगीज हे मीच मनात वाचलेलं पोर्तुगीज होतं. त्यात प्रत्येक अक्षर पूर्ण, प्रत्येक स्वर ठणठणीत : सेसेंता, सेतेंता. समोरचा माणूस तसं बोलतच नव्हता.

म्हणून नोव्हेंबरमध्ये पणजीला फोंताइन्हासमधल्या या वर्गात नाव घातलं. चार महिने पूर्ण केले, आता त्याबद्दल लिहिते आहे. वर्गाचं नाव देत नाही, कारण चालवणाऱ्या टीचरनी तशी विनंती केली आहे. खोलीत चौदाच खुर्च्या मावतात आणि जाहिरात झाली की लोकांना परत पाठवावं लागतं. गल्लीत शिरून विचारलंत तर कोणीही जिना दाखवील.

वर्ग मंगळवारी आणि शुक्रवारी, साडेपाच ते सात. म्हापशाहून पावणेपाचची शटल बस धरली की वेळेत पोचता येतं. शुक्रवारी बाजाराच्या गर्दीमुळे अर्धा तास आधी निघावं. शिकवणारे दोघं. एक टीचर स्वतः, वय ऐंशीच्या पुढे, 1961 च्या आधी पणजीच्या आल्तिन्हो टेकडीवरच्या लिसेवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक शाळेत शिकलेल्या. दुसरा एक तरुण ब्राझीलचा, साओ पाउलो राज्यातल्या आतल्या भागातला, हल्ली शिवोलीला राहतो आणि फक्त शुक्रवारी येतो. व्याकरण मंगळवारी होतं. ते नीट शिकवतात, क्रियापदांचे तक्ते पाठ करून घेतात, त्यात नवल असं काही नाही. मी लिहिणार आहे ते शुक्रवारच्या शेवटच्या अर्ध्या तासाबद्दल. त्याला तिथे 'कानाचा तास' म्हणतात.

कानाच्या तासाला दर वेळी बारा शब्द असतात. तेच बारा शब्द पाच आवाजांत ऐकवतात : लिस्बनची एक बाई, पोर्तूचा एक म्हातारा, रिओची एक मुलगी, हे तिघं रेकॉर्ड केलेले. ब्राझीलचा मास्तर आणि आमच्या टीचर समोर बसून बोलतात. आपण फळ्याकडे पाठ करून बसायचं. पुस्तक बंद. ऐकू येईल ते आपल्या लिपीत लिहायचं, ज्याला जी जवळची वाटेल ती. माझी वही देवनागरीत. पुढच्या बाकावरची मुलगी रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या कोंकणीत लिहायची. टीचर कोणाचंही लिहिलेलं चूक ठरवत नाहीत. त्या फक्त विचारतात, "हे पाच शब्द आहेत की एकच?"

पहिल्या शुक्रवारची माझी वही अजून तशीच ठेवली आहे. एक शब्द होता 'वकील', म्हणजे माझ्या रोजच्या पोटापाण्याचा. लिस्बनच्या बाईचा मी लिहिला 'अद्वुगादु'. टीचरचा 'आदवोगादो'. ब्राझीलच्या मास्तरचा 'अजिवोगादु'. मी शपथेवर सांगितलं असतं की हा तिसरा शब्द वेगळाच आहे. मध्ये 'जि' कुठून आला? 'द' आणि 'व' एकापाठोपाठ आले की बहुतेक ब्राझिली माणूस मध्ये एक छोटा 'इ' घालतो, आणि 'इ' पुढे आला की त्यांच्या बहुतेक भागांत 'द' चा 'ज' होतो, 'त' चा 'च' होतो. दिवस म्हणजे 'दीअ', तो रिओत 'जीअ'. रात्र लिस्बनला 'नोइत्', रिओत 'नोइची'. गाडीचा टायर लिस्बनला 'प्नेउ', ब्राझीलमध्ये 'पिनेउ'.

हे ऐकून वर्गातले काही जण म्हणाले, म्हणजे ब्राझीलवाले बिघडवून बोलतात. मला तेव्हाच राहवलं नाही. मी म्हटलं, आपणही हेच केलं आहे. नृत्याचा नाच झाला, अद्यचा आज झाला, विद्युत्‌ची वीज झाली. 'त्य' चा 'च' आणि 'द्य' चा 'ज' करणारे लोक आपल्याच भाषेचे पूर्वज होते. आणि मध्ये स्वर घालायचा म्हणाल तर आमच्या सावंतवाडीकडे आजही म्हातारी माणसं 'जन्म' ला 'जलम' म्हणतात आणि 'फिल्म' ला 'फिलम'. जिभेला दोन व्यंजनांची गाठ जड जाते, मग ती मधे एक पायरी बांधते. टीचरनी हे मास्तरला पोर्तुगीजमध्ये समजावून सांगितलं, आणि त्याने 'जलम' हा शब्द स्वतःच्या वहीत लिहून घेतला.

त्यापुढे त्याने जे सांगितलं ते मी घरी जाऊन पुन्हा पुन्हा आठवत राहिले. एमान्युएल दुपू नावाचे एक फ्रेंच संशोधक आहेत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. जपानी, ब्राझिली आणि पोर्तुगालचे पोर्तुगीज अशा तीन गटांना त्यांनी मध्ये स्वर नसलेली जोडव्यंजनं ऐकवली. जपान्यांना आणि ब्राझिली लोकांना मध्ये स्वर ऐकू आला. आवाजात तो नव्हताच. पोर्तुगालच्या लोकांना तो ऐकू आला नाही. भाषा म्हटली तर एकच, पुस्तकातली लिपी एकच, शब्द बहुतेक तेच. पण पोर्तुगालचा माणूस लहानपणापासून स्वर गिळलेले शब्द ऐकत आला आहे, 'प्नेउ', 'त्लफोन्', 'प्केनु', म्हणून त्याच्या कानाला ती गाठ ओळखीची आहे. ब्राझीलच्या माणसाला ती ओळखीची नाही, म्हणून त्याचा कान परस्पर तिथे 'इ' भरून टाकतो. तो 'इ' जिभेवर येण्याच्या आधीच कानात आलेला असतो. मी इतकी वर्षं धरून चालले होते की आधी आवाज जसा आहे तसा ऐकू येतो आणि अर्थ मग लागतो. तसं नाही. ऐकू येतानाच आपण त्यात आपल्या गावचं काहीतरी मिसळतो.

हे कळल्यावर माझं 67 आणि 77 मला दिसलं. साठ म्हणजे पुस्तकी 'सेसेंता'. लिस्बनला पहिला 'ए' जवळजवळ नाहीसा होतो, उरतो एक लांबलेला 'स्स' : 'स्सेंत'. सत्तर म्हणजे 'सेतेंता', त्याचंही तसंच : 'स्तेंत'. फरक उरला तो एवढाच की पहिल्यात 'स' लांबतो, दुसऱ्यात 'स' नंतर 'त' चा ठोका पडतो. माझा कान स्वरांच्या आधाराने शब्द शोधत होता आणि तिथे स्वरच नव्हते.

यातला एक बारकावा टीचरनी दाखवला, आणि तो मला या चार महिन्यांतला सगळ्यात सुंदर वाटतो. लिस्बनला व्यंजनाआधीच्या 'स' चा 'श' होतो. 'एस्ता' म्हणजे 'आहे', तो 'श्ता' ऐकू येतो. 'तीन' हा 'त्रेश्'. मग 'स्तेंत' मध्ये 'स' नंतर 'त' येऊनही त्याचा 'श' का होत नाही? कारण मधला स्वर गेला असला तरी 'स' ला अजून तो आहे असंच वाटतं. गिळलेल्या स्वराची जागा रिकामी आहे, पण ती दुसऱ्या कोणाला दिलेली नाही. लिस्बनचं मूल तेवढ्या एका 'स' वरून ओळखतं की इथे पूर्वी कोणीतरी राहत होतं. मी वहीत 'श्ता' आणि 'स्तेंत' एकाखाली एक लिहिले आणि वीस वेळा ऐकले. एकविसाव्या वेळेला मला ती रिकामी जागा ऐकू आली.

माझ्या वहीत लिस्बनच्या रकान्यात जवळजवळ सगळी अक्षरं पाय मोडलेली आहेत. बाजूला बसणाऱ्या पुण्याच्या बाई ते बघून म्हणाल्या, "अहो, हे लोक स्वर खातात कसे इतके!" तेव्हा मी त्यांना त्यांचंच एक वाक्य लिहून दाखवलं : 'मी बोलतच नाही.' हे आपण 'बोल्तच्' म्हणतो. 'करतो' लिहितो आणि 'कर्तो' म्हणतो. आमच्या ऑफिसात मराठी नव्याने शिकणारा एक केरळचा मुलगा आहे, तो 'क-र-तो' असं प्रत्येक अक्षर मोजून म्हणतो आणि आपण भराभर बोललो की त्याला समजत नाही. आपणही लिस्बनसारखेच गिळणारे आहोत, फक्त आपलं गिळणं आपल्याला ऐकू येत नाही.

आता अनुनासिकांबद्दल. 'पाउ' म्हणजे काठी आणि 'पांव' म्हणजे पाव, 'आंव' चा तो उच्चार नाकातून. मला हा फरक पहिल्याच दिवशी आला. पुण्याच्या बाईंना डिसेंबर उजाडला. त्या हुशार आहेत, व्याकरणात माझ्या कितीतरी पुढे. पण माझं माहेर सावंतवाडीचं, कानावर जन्मापासून 'खंय', 'थंय', 'हंय' पडलेलं. प्रमाण मराठीच्या बोलण्यातून हे नाकातले स्वर केव्हाच गेले, त्यामुळे त्यांच्या कानाला ती दारं बंद झालेली. आपण मराठीत त्या शब्दाचा नुसता 'पाव' केला, तसाच 'लेलांव' चा लिलाव केला.

पण 'ए' च्या बाबतीत पारडं फिरलं आणि मी मागे राहिले. 'सेद्' म्हणजे तहान आणि 'सेद्' म्हणजे मुख्यालय. 'एश्त्' म्हणजे हा आणि 'एश्त्' म्हणजे पूर्व दिशा. लिहायलाही सारखेच. फरक फक्त 'ए' च्या तोंडात : तहान आणि 'हा' यांत तो मिटलेला, मुख्यालय आणि पूर्व यांत जरा उघडा. जमिनीच्या कागदात चतुःसीमा असतात, तेव्हा 'हा' आणि 'पूर्व' यांतला फरक माझ्या कामाचा. वर्गात दहा वेळा उलटसुलट म्हणून दाखवलं, मी दहाही वेळा अंदाजाने लिहिलं. उघडा म्हणून मी 'बॅट' मधला 'ॲ' काढायला गेले तर टीचर म्हणाल्या, "इतलें न्हय बाय, अर्धेंच तोंड."

पुढच्या बाकावरच्या दिवाडीच्या मुलीला एकदाही चूक झाली नाही. मी तिला विचारलं, कसं ऐकतेस? ती म्हणाली, "आमगेर पेर आनी पेर आसा न्हय?" म्हणजे पेरूचं झाड आणि पेरूचं फळ. मला दोन्ही सारखेच ऐकू आले. तिने चार वेळा म्हटले. कोंकणीत 'ए' दोन आहेत, 'ओ' ही दोन आहेत, देवनागरीत ते वेगळे दाखवत नाहीत म्हणून मी कधी लक्षच दिलं नव्हतं.

त्या रात्री डिचोलीला घरी आल्यावर सासूबाईंना म्हटलं, आई, पेरूचं झाड कोंकणीत म्हणा, मग फळ म्हणा. त्यांनी हातातली पणती ठेवली आणि म्हटलं. दोन वेगळे शब्द. अगदी स्पष्ट नाही, पण वेगळे. या घरात मला एकोणीस वर्षं झाली. त्या शेजारणींशी कोंकणीत बोलतात, आमच्याशी मराठीत. एकोणीस वर्षं तो फरक माझ्या कानाशेजारून जात होता आणि मला तो कधी ऐकू आला नव्हता, कारण बोलण्याच्या ओघात कोणतं पेर ते कळतच होतं. कानाला नुसतं ऐकवून भागत नाही. वेगळं ओळखण्याची गरज पडली की मगच तो जागा होतो. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी आम्ही दोघी दहा मिनिटं हे करत असू. सासूबाईंना त्याची इतकी गोडी लागली की त्या स्वतःच नवनवे शब्द शोधून ठेवायच्या. जानेवारीत मला 'सेद्' आणि 'सेद्' दहांतून आठ वेळा बरोबर आले.

मास्तरने एकदा आम्हाला आपल्याच अक्षरांची गोष्ट सांगितली, तीही इथे सांगते, कारण वर्गातल्या प्रत्येक आईने ती घरी जाऊन सांगितली असणार. कॅनडातल्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी 1984 मध्ये इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीचे 'त' आणि 'ट' ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना ते वेगळे कळत होते. दहा-बारा महिन्यांच्या बाळांना बहुतेक नाही. इंग्रजीत तो फरक लागत नाही, म्हणून वर्ष पुरं व्हायच्या आत कान तो सोडून द्यायला लागतो. मी हे ऐकताना माझ्या मुलाचं बारसं आठवत होते. त्या तेरा दिवसांच्या पोराला जगातले सगळे आवाज येत असतील, आणि आम्ही त्याच्या कानात 'कुर्रर्र' करत होतो.

मग मोठ्या माणसाने काय करायचं? या वर्गाची पद्धत या प्रश्नाचंच उत्तर आहे आणि म्हणूनच मी तो इतक्या आग्रहाने सुचवते. 1991 मध्ये अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात लोगन, लाइव्हली आणि पिसोनी यांनी जपानी लोकांना इंग्रजीतले 'र' आणि 'ल' वेगळे ऐकायला शिकवलं, आणि त्यासाठी मुद्दाम वेगवेगळ्या लोकांचे आवाज वापरले. लोक सुधारले. पुढे 1993 मध्ये त्यांनी एकाच माणसाच्या आवाजावर शिकवून पाहिलं. त्या माणसाचे शब्द शिकणाऱ्यांना येऊ लागले, पण नवा माणूस बोलला की ती सुधारणा टिकत नव्हती. वर्गाआधी मी सहा महिने मोबाइलवर एका ॲपवर पोर्तुगीज ऐकत होते. गोड, सावकाश, ब्राझिली धाटणीचा आवाज. तो मला छान कळायचा. तोच आवाज कळायचा, बाकी कोणाचा नाही. लिस्बनच्या फोनवर तो काही कामाला आला नाही.

टीचरनी आम्हाला ही पद्धत कुठून सुचली ते सांगितलं नाही, पण मला वाटतं ती त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातून आली. त्यांचं पोर्तुगीज गोव्याचं आहे. प्रत्येक अक्षर धुतल्यासारखं स्वच्छ, 'त' आणि 'द' आपल्यासारखे. त्या पहिल्यांदा लिस्बनला गेल्या तेव्हा दुकानदार त्यांचं बोलणं समजायचा, पण त्यांना दुकानदाराचं समजायचं नाही. आणि तिथे कोणीतरी त्यांना सांगितलं की तुमचं पोर्तुगीज जुनाट आहे. हे सांगताना त्यांचा आवाज जरा जड झाला. पाच आवाजांत त्या स्वतःचा आवाजही ठेवतात, आणि तो शेवटी नाही, मध्यभागी. मला हे फार योग्य वाटतं. 'शुद्ध कोणतं' हा प्रश्न आपल्याकडेही लोक माणसाला गप्प करायला वापरतात. पोर्तूचा म्हातारा 'व' च्या जागी 'ब' म्हणतो, 'वीञु' ला 'बीञु'. तो काही कमी पोर्तुगीज नाही.

'चावी' चं उदाहरण टीचरनीच दिलं. आपला शब्द पोर्तुगीजांकडून आलेला. आज लिस्बनला तो 'शाव्' असा म्हणतात, 'श' ने. मग आपल्याकडे 'च' कुठून? पोर्तुगीज गोव्यात आले तेव्हा तिथे 'च' च होता, पुढे त्याचा 'श' झाला. उत्तर पोर्तुगालच्या काही भागांत आजही 'च' आहे. म्हणजे आमच्या कोकणातल्या कानाने सोळाव्या शतकातला आवाज पकडून ठेवला आहे आणि आपण रोज दाराला लावतो आहोत.

वर्णमालेतला 'ञ' मला पहिल्यांदा कामाला आला तोही इथेच. शाळेच्या तक्त्यावर त्याच्यापुढे कधी चित्र नसायचं. फोंताइन्हास हे नाव लिस्बनची बाई म्हणते ते मी लिहिलं 'फोंतइञश्'. बसवाला एक म्हणतो, टीचर दुसरं, मी तिसरं. आता तिन्ही मला एकाच गल्लीची नावं म्हणून ऐकू येतात.

उणिवाही सांगते. खोली रस्त्याच्या बाजूची आहे. संध्याकाळी खाली रंगीत घरांसमोर फोटो काढणाऱ्यांची गर्दी असते, आणि नेमक्या कानाच्या तासाला कोणीतरी स्कूटरचा हॉर्न वाजवतं. रेकॉर्डिंग एका लहानशा स्पीकरवर लावतात. त्यात 'स' आणि 'श' फुटतात, आणि हा वर्गच मुळी 'स' आणि 'श' चा. आम्ही फेब्रुवारीत सगळ्यांनी मिळून हे टीचरना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण मार्चपर्यंत स्पीकर तोच होता. स्वतःचे इअरफोन न्या आणि रेकॉर्डिंग फोनवर मागून घ्या, देतात.

दुसरी गोष्ट मला खरंच खटकली. शेवटच्या परीक्षेतलं ऐकणं फक्त लिस्बनच्या आवाजात होतं. चार महिने पाच आवाज शिकवायचे आणि मोजायचं एकाच आवाजात, हे बरोबर नाही. वर्गात अशी एक बाई होती जिची आजी मोझांबिकहून परतलेली, तिच्या कानाला तिसराच लहेजा बसलेला. तिला कमी गुण मिळाले आणि तिला वाटलं आपलंच चुकलं. परीक्षेतही आवाज बदलायला हवेत. मी हे लेखी दिलं आहे.

तिसरं, आफ्रिकेचा आवाज पाचांत नाही. अंगोला, मोझांबिक हे पोर्तुगीज बोलणारे मोठे देश, आणि गोव्यातली कितीतरी कुटुंबं तिथे राहून आलेली. असा एक आवाज मिळवणं इथे अवघड जाऊ नये.

फी चार महिन्यांची साडेसहा हजार, दोन हप्त्यांत. छापील वही वेगळी घ्यावी लागत नाही.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात लिस्बनच्या त्या बाईंचा पुन्हा फोन आला. दुसऱ्या जागेची नोंद काढायची होती. मी खुर्ची खिडकीपासून ओढून घेतली आणि त्यांना फक्त एवढंच म्हटलं की नेहमीच्या वेगाने बोला. पुस्तक, नंबर, पान. त्या म्हणाल्या 'स्तेंत इ सैश्'. मी 76 लिहिलं आणि खात्री करायला त्यांना माझ्या भाषेत, प्रत्येक स्वर पूर्ण करून परत म्हणून दाखवलं : 'सेतेंता इ सेइस'. पलीकडे क्षणभर शांतता. मग त्या म्हणाल्या, माझे आजोबा असंच बोलायचे.

पुढची तुकडी जूनमध्ये सुरू होते. मी दुसऱ्या पातळीला नाव घातलं आहे. बसायला डावीकडची, जिन्याजवळची रांग धरा, तिथे रस्त्याचा आवाज सगळ्यात कमी येतो.